तापीचे खोरे : सावदा परिसरात येणाऱ्या यात्रिकांसाठी अभ्यासलेख

‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ नदीचा उतार, पाण्यात उतरून पलीकडे जाण्याची जागा असा आहे. देवालये पुढे उभी राहिली. त्याआधी तेथे पाणी होते. आपल्याकडील बहुतेक तीर्थक्षेत्रे नदीकाठी का आहेत, याचे उत्तर या एका शब्दात सापडते.

सावदा परिसरात येणारे भाविक बहुधा एका देवालयाचे दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि परतीच्या गाडीची चौकशी करतात. काही जण मात्र कार्यालयात आवर्जून विचारतात, “दिवसभर हाताशी आहे, आणखी काय पाहता येईल?” अशा जिज्ञासू यात्रिकांसाठी हा लेख आहे. स्थळांची नुसती यादी देण्याचा हेतू येथे नाही. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या पात्रापर्यंतची ही भूमी एका सूत्राने बांधलेली आहे आणि ते सूत्र पाण्याचे आहे. ते ध्यानात ठेवून हिंडल्यास देऊळ, बाग, विहीर, धरण आणि वनातील पाडा ही एकाच कथेची प्रकरणे आहेत असे दिसून येईल.

१. खोऱ्याची रचना

तापी नदी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावते. मुलताई हे नाव ‘मूळतापी’ या शब्दावरून आले असे मानले जाते. तेथून सुमारे ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत जाऊन ती सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. दख्खनच्या गोदावरी, कृष्णा, भीमा या नद्या पूर्वेकडे वाहतात. तापी आणि तिच्या उत्तरेकडील नर्मदा या दोघींनी मात्र पश्चिमेची वाट धरली. सातपुड्याच्या दक्षिणेस भूकवच खचून जी लांबट द्रोणी निर्माण झाली, तीतून तापी वाहते. तिचे एकूण खोरे ६५,१४५ चौरस किलोमीटरांचे असून त्याचा सुमारे चार-पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे.

सावदा हे गाव रावेर तालुक्यात, तापीच्या उत्तर तीरावरील पट्ट्यात वसले आहे. गावाच्या उत्तरेस सातपुड्याची निळसर रांग दिसते आणि दक्षिणेस तापी वाहते. सातपुड्यातून सुकी, भोकर, मोर यांसारख्या लहान नद्या व अनेक नाले दक्षिणेकडे धावत तापीकडे येतात. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर हा जुना मार्ग रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा ही गावे ओवीत या सर्व प्रवाहांना आडवा छेद देतो. त्या मार्गावरील प्रत्येक लहान पुलावर क्षणभर थांबून खाली पाहावे. श्रावणात तेथे गढूळ लोंढा असतो आणि माघ-फाल्गुनात कोरडी वाळू व गोटे. हे पाणी गेले कोठे, हा प्रश्न मनात धरावा. त्याचे उत्तर पुढे येईल.

हा प्रदेश कर्कवृत्ताच्या थोडा दक्षिणेस, २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. पाऊस बेताचा, वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत पडतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे येथे नवलाचे नाही. अशा उष्ण, मर्यादित पावसाच्या भूमीत केळीसारखे सदैव पाणी मागणारे पीक वैभवास चढले, ही या खोऱ्याची सर्वांत विलक्षण गोष्ट होय.

२. सूर्यकन्या तापी

पुराणपरंपरेत तापी ही सूर्य व छाया यांची कन्या, म्हणून शनिदेवांची बहीण. महाभारताच्या आदिपर्वात तपती व राजा संवरण यांची कथा येते. पर्वतावर तिला पाहून राजा भान हरपला. वसिष्ठ ऋषींच्या मध्यस्थीने विवाह झाला. आणि राजा राज्य विसरून तिच्यासह वनात रमला, तेव्हा त्याच्या राज्यात बारा वर्षे पाऊस पडला नाही. पुढे राजा-राणी परतल्यावर वर्षाव झाला. त्यांचा पुत्र कुरू. ज्याच्या नावाने कौरववंश ओळखला जातो.

कथेतील हा तपशील यात्रिकाने विशेष लक्षात ठेवावा. राजा कर्तव्य विसरतो तेव्हा पाणी आटते, असे सांगणारी ही कथा नेमकी तापीच्या नावाशी जोडलेली आहे. आषाढ शुद्ध सप्तमीस तापीचा जन्मदिवस मानला जातो व काठच्या अनेक गावी त्या दिवशी नदीचे पूजन होते.

३. संगम : चांगदेव आणि मुक्ताई

पूर्वेकडून वऱ्हाडची सपाटी ओलांडून येणारी पूर्णा नदी चांगदेव या गावी तापीस मिळते. हे गाव मुक्ताईनगर तालुक्यात आहे. संगमाजवळचे चांगदेवांचे पाषाणी मंदिर हेमाडपंती धाटणीचे असून ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. घडीव दगड एकमेकांत बसवून केलेली त्याची बांधणी व बाह्य भिंतींचे कोन निवांतपणे पाहण्यासारखे आहेत.

योगी चांगदेवांची कथा मराठी माणसास ठाऊक आहे. चौदाशे वर्षे जगल्याची ज्यांची ख्याती, त्या चांगदेवांना ज्ञानदेवांस पत्र लिहिताना मायना सुचेना. वयाने धाकट्यास ‘चिरंजीव’ लिहावे, की ज्ञानाने थोरास ‘तीर्थरूप’ लिहावे? शेवटी कोरा कागदच पाठवला गेला. त्या कोऱ्या पत्राचे उत्तर म्हणजे ज्ञानदेवांची ‘चांगदेव पासष्टी’. पुढे चांगदेवांनी मुक्ताबाईंना गुरू केले. शतकानुशतकांची योगसिद्धी एका बालिकेपुढे नम्र झाली, हा प्रसंग भागवत संप्रदायात अत्यंत आदराने सांगितला जातो.

ज्ञानदेवांनी आळंदीस १२९६ मध्ये समाधी घेतली. सोपानदेव सासवडला समाधिस्थ झाले. त्यानंतर निवृत्तिनाथांसमवेत तीर्थाटन करीत मुक्ताबाई तापीतीरी आल्या आणि शके १२१९, म्हणजे इ. स. १२९७ मध्ये, वैशाख वद्यात, विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावल्या, अशी परंपरा आहे. त्यावेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. या स्मृतीशी कोठळी व मेहूण ही दोन्ही स्थळे जोडलेली असून दोन्ही ठिकाणी भाविक श्रद्धेने जातात. पूर्वी एदलाबाद म्हणून ओळखले जाणारे तालुक्याचे गाव आज मुक्ताईनगर या नावाने ओळखले जाते. महाशिवरात्रीच्या सुमारास मुक्ताईनगर व चांगदेव येथे मोठी यात्रा भरते. आषाढी वारीसाठी मुक्ताईंची पालखी येथून पंढरपुरास जाते. ती सर्वांत दूरवरून येणाऱ्या मानाच्या पालख्यांपैकी एक असून वाटेत सुमारे महिनाभर चालते.

संगमापासून थोड्याच अंतरावर, तापीच्या खालच्या अंगास हतनूर धरण आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी ते पूर्ण झाले. त्याला ४१ दरवाजे आहेत. सातपुड्यात व विदर्भात जोराचा पाऊस झाला की हे दरवाजे उघडल्याची वार्ता सर्व जिल्ह्यात पसरते. धरणाचे पाणी भुसावळ परिसरातील उद्योगांस व गावांस मिळते आणि कालव्याने शेतीस जाते. त्याच वेळी, धरणाच्या फुगवट्यामुळे संगमाचे रूप पालटले. दोन प्रवाहांची जी भेट आपल्या पूर्वजांनी पाहिली, तिच्या जागी आता वर्षातील बराच काळ एक विस्तीर्ण जलाशय दिसतो. काठची काही वस्ती व शेती त्यासाठी हलवावी लागली. तहानलेल्याला पाणी मिळाले आणि कोणाचा तरी वाडा पाण्याखाली गेला, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. संगमावर हात जोडताना दोहोंचे स्मरण असावे.

हिवाळ्यात याच जलाशयावर उत्तरेकडून पाहुणे पक्षी उतरतात. चक्रवाक, मोठी लालसरी व अन्य बदके पाहण्यास पक्षिमित्र मुद्दाम येतात. यात्रिकांनी पहाटे जावे आणि शांतता राखावी.

४. सावदा, फैजपूर आणि खिरोदा

सावदा हे जुने व्यापारी गाव. १७६३ मध्ये निजामाकडून ते पेशव्यांकडे आले व पुढे सरदार रास्ते यांच्याकडे गेले. १८५२ मध्ये इंग्रजांनी जमिनीची मोजणी सुरू केली, तेव्हा सारावाढीच्या भीतीने येथे हजारो शेतकरी जमले आणि सैन्य आल्याशिवाय ते पांगले नाहीत. नगरपालिका १८८३ मधील. कापूस, हरभरा, जवस व गहू यांच्या व्यापाराबरोबर येथील गुरांचा बाजारही नावाजलेला होता. भुसावळ–खंडवा लोहमार्गावरील सावदा स्थानक गावापासून काहीसे दूर आहे. विसाव्या शतकात येथून व रावेरहून केळीने भरलेल्या वाघिणी दिल्लीकडे जात.

सावद्यालगत फैजपूर आहे. डिसेंबर १९३६ मध्ये येथे राष्ट्रीय सभेचे पन्नासावे अधिवेशन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरले. ग्रामीण भागात भरलेले ते पहिले अधिवेशन. महात्मा गांधींच्या आग्रहानुसार सभा खेड्यात नेण्यात आली आणि त्या नगरास टिळकनगर असे नाव देण्यात आले. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू, चटया अशा गावच्याच साहित्यातून प्रवेशद्वारे व मंडप सजविले. खानदेशातील कार्यकर्ते धनाजी नाना चौधरी यांनी या अधिवेशनासाठी अपार कष्ट घेतले, तर साने गुरुजींनी गावोगाव प्रचार केला. शेतकऱ्यांच्या प्रश्नांविषयीचा कार्यक्रम याच ठिकाणी संमत झाला. सावद्यात १८५२ मध्ये साऱ्यासाठी जमलेला शेतकरी आणि ८४ वर्षांनी फैजपुरात देशाच्या सभेपुढे आलेला शेतीचा प्रश्न, यांतील अंतर अवघ्या काही किलोमीटरांचे आहे.

फैजपूरचे महाविद्यालय आज धनाजी नानांचेच नाव धारण करते. त्यांचे खिरोदा हे गाव सातपुड्याच्या बाजूस असून तेथील शैक्षणिक संस्था व कलाशिक्षणाची परंपरा पाहण्यासारखी आहे.

५. केळीची बाग आणि विहिरीचे पाणी

सावदा परिसरात शिरताच दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. जून-जुलैतील लागवडीस मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील लागवडीस कांदेबाग म्हणतात. पूर्वी बसराई, श्रीमंती या वाणांचे राज्य होते. आता ऊतिसंवर्धित ग्रँड नैनची रोपे सर्वत्र दिसतात. पहिले पीक निघाल्यावर बुंध्याशी वाढविलेल्या पिलापासून पुढचे पीक घेतात, ती पिलबाग. उष्ण वारा अडविण्यासाठी बागेभोवती शेवरी वा गवताचे कुंपण लावण्याची जुनी रीत आहे. जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले.

आता मघाच्या प्रश्नाकडे वळू. लहान नद्यांचे पाणी जाते कोठे? सातपुड्यातून वेगाने उतरणारे प्रवाह पायथ्याशी येताच मंदावतात आणि आपल्याबरोबर आणलेले गोटे, खडे व जाडी वाळू तेथे टाकतात. हजारो वर्षांत या साठ्याचा एक लांब पट्टा पायथ्याशी तयार झाला आहे. भूशास्त्रज्ञ त्यास ‘बझाडा’ म्हणतात. हा पट्टा चाळणीसारखा आहे. नदीचे पाणी त्यातून खाली मुरते आणि भूगर्भातून दक्षिणेकडे, गाळाच्या सुपीक जमिनीखाली सरकते. सावदा, फैजपूर, चिनावल, न्हावी, रावेर यांच्या बागांनी पिढ्यानपिढ्या हेच पाणी प्यायले. केळीचे वैभव दिसते जमिनीवर. त्याचे मूळ आहे सातपुड्याच्या पायथ्याच्या गोट्यांत.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांस ठाऊक होती, याचे प्रमाण तासा-दीड तासाच्या अंतरावर बऱ्हाणपुरात आहे. तेथील कुंडी भंडारा ही जलव्यवस्था १६१५ च्या सुमारास, मोगल काळात उभारली गेली. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यात अडवून, शंभराहून अधिक कुंड्यांच्या मालिकेद्वारे, केवळ उताराच्या बळावर नगरास पुरविण्यात आले. चारशे वर्षांनंतरही ती रचना पाहता येते. सवड असणाऱ्या यात्रिकांनी ती अवश्य पाहावी.

आपल्याकडे मात्र गेल्या काही दशकांत उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक झाला. आजोबांच्या काळी मोट चाले; मोट जेवढे पाणी काढी तेवढे रात्रीतून पाझरून येई. मग विजेचे पंप आले, त्यानंतर कूपनलिका आल्या आणि त्यांची खोली कित्येक शे फुटांवर गेली. भूजलाच्या शासकीय मूल्यांकनांत रावेर व यावल या तालुक्यांची नावे अनेक वर्षे अतिशोषित क्षेत्रांत आलेली आहेत. बागांमधून हिंडताना एखादी बांधीव, पायऱ्यांची, पण कोरडी विहीर दिसली तर तिला ओलांडून जाऊ नये. तिच्या काठाशी उभे राहून दगडावरील दोराचे घर्षण पाहावे. एके काळी त्या विहिरीवर एक कुटुंब व एक बाग उभी होती.

शेतकरी स्वस्थ बसलेला नाही, हेही यात्रिकांनी पाहावे. पाटाने पाणी भरण्याची पद्धत मागे पडून ठिबक सिंचन येथे घरोघरी पोहोचले आहे. नाल्यांवर बंधारे बांधले जात आहेत, कोरड्या विहिरींत पावसाचे पाणी गाळून सोडले जाते. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांत तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार झाला. पुराचे पाणी वर अडवून कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या त्याच बझाडा पट्ट्यात मुरविणे, हे तिचे मुख्य तत्त्व आहे. राजाने कर्तव्याकडे परत यावे आणि पाऊस पडावा, ही संवरणाची कथा येथे नव्या रूपात भेटते. फरक इतकाच की आता राजाच्या जागी आपण सर्व आहोत.

६. सातपुड्याची बाजू

रावेर तालुक्यातील पाल हे सातपुड्यातील थंड हवेचे स्थान. सुकी नदीवरील गारबर्डी धरण याच भागात आहे. सागाचे वन, पावसाळ्यातील धबधबे व यावल अभयारण्य (स्थापना १९६९) यांमुळे येथील निसर्ग मोहक आहे. पावरा, भिल्ल, तडवी या समाजांची वस्ती या डोंगरांत आहे. होळीपूर्वी भरणारा भोंगऱ्या बाजार हा त्यांच्या जीवनातील आनंदाचा सोहळा. तेथे पाहुण्याच्या मर्यादेने जावे, परवानगीविना छायाचित्रे घेऊ नयेत.

यावल तालुक्यात आडगावच्या उत्तरेस, सातपुड्याच्या कुशीत मनुदेवीचे स्थान आहे. पावसाळ्यात देवालयाजवळ धबधबा कोसळतो व नवरात्रात यात्रा भरते. चोपडा तालुक्यातील उनपदेव येथे उष्ण पाण्याचा झरा आहे. डोंगरातील ही दैवते झऱ्यांजवळच का वसली, हे आता वाचकांस वेगळे सांगावयास नको.

७. बोली आणि भोजन

या भागात लेवा गणबोली कानी पडते. पश्चिमेकडे जावे तशी अहिराणी सुरू होते. जळगावजवळच्या आसोद्याच्या कन्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी घरोट, विहीर, शेत, नांगर यांच्या सान्निध्यात याच मातीच्या बोलीत काव्य रचले; त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

हिवाळ्यात आलेल्या यात्रिकांनी भरताची चव अवश्य घ्यावी. बामणोद, आसोदा येथील हिरवट पांढरी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचतात. सोबत कळण्याची भाकरी आणि केळीचे पान. या भरताच्या वांग्यासही भौगोलिक मानांकन आहे. उन्हाळ्यात अंगणात वाळणारे ज्वारीचे बिबडे आणि सणावारी खापरावरचे मांडे हेही येथील वैशिष्ट्य.

८. यात्रिकांसाठी सूचना

१) ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ प्रवासास उत्तम. एप्रिल-मे मध्ये येणाऱ्यांनी सकाळी दहापर्यंत व सायंकाळी पाचनंतरच बाहेर पडावे.

२) जवळचे मोठे रेल्वे स्थानक भुसावळ. तेथून सावदा, यावल, मुक्ताईनगरसाठी एस.टी. मिळते. पहिला दिवस मुक्ताईनगर, कोठळी, चांगदेव व हतनूर यांसाठी, तर दुसरा दिवस सावदा, फैजपूर, खिरोदा व पाल यांसाठी ठेवणे सोयीचे.

३) पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले असता नदीपात्रात उतरू नये. घाटावरील पाण्याची पातळी अकस्मात वाढते.

४) निर्माल्य, कपडे, प्लास्टिकच्या पिशव्या नदीत सोडू नयेत. निर्माल्य मातीत पुरावे. त्याचे खत होते.

५) बागेत शिरण्यापूर्वी मालकास विचारावे. ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नये. केळीच्या चिकाचे डाग धुऊन जात नाहीत, म्हणून पांढरी वस्त्रे सांभाळावीत.

६) अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीने जावे व अंधार पडण्यापूर्वी परतावे.

७) निवासस्थानी व भक्तनिवासांत पाणी जपून वापरावे. येथील प्रत्येक बादली सातपुड्याच्या पायथ्यापासून जमिनीखालून चालत आलेली आहे.

तीर्थाहून परतताना गंगाजळाप्रमाणे तापीचे पाणी सोबत नेण्याची प्रथा आहे. ते अवश्य न्यावे, देवघरात ठेवावे. घरी पोहोचल्यावर आपल्या गावच्या ओढ्याचे, विहिरीचे, तळ्याचेही एकवार दर्शन घ्यावे. तेथे गाळ साचला असल्यास चार शेजारी जमवून तो काढावा. तापीमाईचे दर्शन त्या दिवशी पूर्ण झाले, असे समजण्यास हरकत नाही.